धोलावीरा पाहायचे, तर मुक्काम करून

कच्छच्या सहलीत धोलावीरा हे हडप्पाकालीन नगर बहुतेक वेळा 'जाता जाता' पाहिले जाते. सकाळी पांढऱ्या रणाच्या बाजूने निघायचे, दुपारी बाराच्या सुमारास खडीर बेटावर पोचायचे, तासाभरात अवशेषांना एक फेरी मारायची आणि अंधार पडायच्या आत भुजकडे परतायचे, असा तो ठरलेला कार्यक्रम असतो. अशी फेरी करून आलेल्याला विचारले, तर 'रस्ता फार सुंदर आहे, तिथे मात्र नुसते दगड आहेत' असे उत्तर मिळते. त्याला दोष देता येत नाही. डोक्यावर आलेल्या उन्हात भिंतींची सावली पडत नाही, जमिनीचे उतार कळत नाहीत आणि साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचे आखीव नगर खरोखरच दगडांच्या राशीसारखे दिसू लागते.

म्हणून या लेखातील सगळे नियोजन एकाच सल्ल्याभोवती आहे. धोलावीऱ्याला एक रात्र मुक्काम करावा. अवशेष एकदा उतरत्या उन्हात आणि एकदा सकाळच्या कोवळ्या उन्हात असे दोनदा पाहावेत. आणि उत्खननस्थळाशेजारचे संग्रहालय दुसऱ्या फेरीनंतर, पायाखालचा भूगोल पक्का झाल्यावर पाहावे. ज्यांच्याकडे खरोखरच तीन-चार तासांपेक्षा अधिक वेळ नाही, त्यांनीही पोचण्याची वेळ दुपारी तीननंतरची ठेवली, तरी बराच फरक पडतो.

निघण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी माहीत असावी. कच्छच्या मोठ्या रणातील खडीर बेटावर, धोलावीरा गावालगत हे स्थळ आहे. गावकरी या टेकाडाला कोटडा म्हणत. पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी यांनी १९६७-६८ च्या सुमारास त्याची नोंद केली आणि १९९० पासून २००५ पर्यंत रवींद्र सिंह बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे उत्खनन केले. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या नगराचा समावेश झाला. इ. स. पू. ३००० च्या आसपास वसलेली ही वस्ती, मधल्या काळात ओस पडून पुन्हा वसत, सुमारे इ. स. पू. १५०० पर्यंत टिकली. हडप्पा संस्कृतीची बहुतेक मोठी नगरे विटांची आहेत. धोलावीऱ्यात मात्र दगडाचा सढळ वापर आहे, आणि त्यामुळेच इथले तट, दरवाजे आणि कुंडे आजही डोळ्यांत भरण्याइतकी शाबूत आहेत.

हंगामाविषयी फार चर्चेची गरज नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सोयीचा काळ आहे. मार्चच्या मध्यानंतर दगड तापू लागतात आणि स्थळावर सावली जवळजवळ नसल्याने लहान मुले व वयस्कर मंडळी यांचे हाल होतात. पावसाळ्यात रण पाण्याखाली जाते. रस्त्याच्या दुतर्फा पांढरेशुभ्र मीठ पाहायचे असेल, तर डिसेंबरच्या उत्तरार्धानंतर जावे, कारण त्याआधी पुष्कळदा तिथे मीठ नसून उथळ पाणी असते. मला स्वतःला ते पाणीच अधिक आवडले. बेट म्हणजे बेटच, हे त्या पाण्यामुळे पटते.

वाराची निवड मात्र काळजीपूर्वक करावी. पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थळसंग्रहालये साधारणपणे शुक्रवारी बंद असतात. उत्खननस्थळ त्या दिवशीही पाहता येते. माझी पहिली फेरी नेमकी शुक्रवारी झाली, आणि संग्रहालयाच्या कुलूप लावलेल्या दारापर्यंत जाऊन परतावे लागले. चूक सर्वस्वी माझीच होती, पण तीनशे किलोमीटरांचा जाऊन-येऊन प्रवास केल्यावर ती चांगलीच झोंबली. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी पोचून शुक्रवारी परतण्याचा बेत टाळावा, आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात.

मुंबईहून भुजला कच्छ एक्सप्रेस आणि सयाजीनगरी एक्सप्रेस या थेट गाड्या आहेत. रात्रभराचा प्रवास करून सकाळी भुजला उतरता येते. भुजहून धोलावीऱ्याला जाण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग भचाऊ आणि रापरवरून जातो, तो लांबचा आणि वळशाचा आहे. नवा मार्ग खावड्यावरून थेट रणातून जातो आणि अंतर सुमारे एकशे तीस-चाळीस किलोमीटरांवर आणतो. समाजमाध्यमांवर 'रोड टू हेवन' म्हणून ज्याची छायाचित्रे फिरतात, तो हाच. रणातला जवळजवळ तीस किलोमीटरांचा सरळसोट पट्टा मोहात पाडणारा आहे, पण तिथे वेग आवरावा; छायाचित्रांसाठी थांबलेली वाहने आणि रस्त्यावर मध्येच उभी असलेली माणसे यांचा काही नेम नसतो. जे अहमदाबादकडून स्वतःच्या वाहनाने येतात, त्यांनी जाताना रापरवरून यावे आणि परतताना खावड्यावरून भुजला जावे; त्यामुळे एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. सार्वजनिक वाहतुकीवर विसंबून हा बेत आखणे मला सुचवता येणार नाही. भुजहून दोन दिवसांसाठी गाडी ठरवणे हाच व्यवहार्य उपाय आहे, आणि ठरवतानाच 'रात्रीचा मुक्काम धोलावीऱ्याला' हे चालकाला स्पष्ट सांगावे. त्याच्या राहण्याची सोयही आधीच विचारून घ्यावी.

इंधन भुजलाच पुरेसे भरून घ्यावे आणि पुढच्या पंपाचा भरवसा धरू नये. मोबाइलचे जाळे वाटेत तुटत राहते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि थोडी रोख रक्कम जवळ बाळगावी. धोलावीरा गावात व आसपास तंबू, छोटी विश्रामगृहे आणि कच्छी भुंग्यांच्या, म्हणजे तिथल्या गोल घरांच्या, धर्तीवर बांधलेल्या खोल्या मिळतात. दिवाळीची सुटी, नाताळ आणि रणोत्सवातील पौर्णिमेच्या आसपासचे दिवस या काळात आरक्षणाशिवाय जाऊ नये. सोबत रुंद काठाची टोपी, माणशी किमान दोन लिटर पाणी आणि चांगली पकड असलेले बूट असावेत, कारण कुंडांच्या पायऱ्या उंच आणि घासलेल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत रात्री बोचरी थंडी पडते. दुपारच्या उन्हाकडे पाहून लोकरीचे कपडे घरी ठेवणाऱ्याला ती शिक्षाच वाटते.

आता प्रत्यक्ष फेरीविषयी. संध्याकाळची पहिली फेरी केवळ पाण्यासाठी राखून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. या बेटावर बारमाही नदी नाही आणि वर्षाचा पाऊस सरासरी तीनशे मिलिमीटरांहूनही कमी आहे. अशा ठिकाणी एवढे मोठे नगर शतकानुशतके कसे टिकले, हा प्रश्न मनात धरून चालू लागले, की दगड आपोआप बोलू लागतात. नगराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन पावसाळी ओढे आहेत. त्यांच्यावर दगडी बंधारे घालून पुराचे पाणी अडवले जाई आणि तटालगत खोदलेल्या जलाशयांत वळवले जाई. नगराच्या जागेला पूर्वेकडून पश्चिमेकडे सुमारे तेरा मीटरांचा उतार आहे. तो हेरून जलाशयांची साखळी अशी रचली आहे, की वरचा भरला की पाणी खालच्यात उतरावे.

हे सगळे वाचून समजते, पण पटते ते बालेकिल्ल्याच्या पूर्वेकडील मोठ्या जलाशयाच्या काठावर उभे राहिल्यावर. त्याची लांबी सुमारे ७३ मीटर, रुंदी २९ मीटर आणि खोली दहा मीटरांहून अधिक आहे. मोहेंजोदडोचे शाळेच्या पुस्तकातले प्रसिद्ध महास्नानगृह साधारण १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे, एवढे आठवले तरी प्रमाण ध्यानात येते. काठावरून खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांकडे नीट पाहावे. जलाशय काठोकाठ भरलेला असताना घागर घेऊन आलेल्या माणसाला दोन-चार पायऱ्या उतराव्या लागत असतील आणि उन्हाळ्याच्या शेवटी तळापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या उतरून पुन्हा चढून वर यावे लागत असेल; म्हणजे पायऱ्यांची मोजणी हाच त्या वर्षाच्या पाण्याचा हिशेब. तिथून बालेकिल्ल्याच्या दक्षिणेकडे वळावे. तिकडची कुंडे ओळीने आहेत आणि त्यांतील काही भाग अखंड खडकात कोरलेला आहे. मावळतीचे तिरपे ऊन आत शिरते, तेव्हा खडकाचा कोरीव भाग आणि दगड रचून बांधलेला भाग यांतील फरक सहज वेगळा ओळखता येतो. भर दुपारी तो नजरेतून निसटतो, हे मी दोन्ही वेळा पाहून सांगतो.

एवढ्यावर पहिली फेरी थांबवावी. दरवाजे, गल्ल्या, घरे यांचा मोह आवरावा. दमलेल्या डोळ्यांनी ते पाहण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी स्थळ उघडताच, उन्हाचा ताव वाढण्यापूर्वी, नगररचनेसाठी जावे. धोलावीऱ्याचे तीन ठळक भाग आहेत: सर्वांत उंच बालेकिल्ला व त्याला लागून असलेला तटबंद भाग, त्याच्या उत्तरेला मधले नगर आणि पूर्वेकडे खालचे नगर. या सर्वांना वेढणारा बाहेरचा तट सुमारे ७७० मीटर लांब आणि ६२० मीटर रुंद क्षेत्र व्यापतो. प्रथम बालेकिल्ल्यावर चढावे आणि तिथूनच संपूर्ण आराखडा नजरेखाली घालावा. वर एक मोठी दगडी विहीर आहे. तिच्या काठच्या शिळेवर दोर घासून पडलेल्या खाचा आहेत, त्या जवळ जाऊन पाहाव्यात. हात मात्र लावू नये. तट कुणी राजा किंवा अधिकारी बांधवून घेतो, पण दगडात अशी खाच पाडायला रोज पाणी ओढणारे हात लागतात, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या. बालेकिल्ल्यातून पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या दगडी मोऱ्यांचे जाळेही इथेच आहे. त्यांतील काही मोऱ्या माणूस आतून चालू शकेल इतक्या उंच आहेत, आणि त्या सांडपाण्यासाठी नव्हत्या, तर बालेकिल्ल्यावर पडलेला पाऊसही वाया जाऊ नये यासाठी होत्या. आदल्या संध्याकाळी कुंडे पाहिलेली असली, की या मोऱ्यांचे महत्त्व कुणी समजावून द्यावे लागत नाही.

उत्तर दरवाजापाशी थोडे रेंगाळावे. याच दरवाजालगतच्या एका दालनात, सुमारे तीन मीटर लांबीच्या लाकडी फळीवर बसवलेली दहा मोठी चिन्हे जमिनीवर पडलेल्या अवस्थेत सापडली. लाकूड कधीच नष्ट झाले होते. पांढऱ्या जिप्समच्या तुकड्यांनी जुळवलेली, प्रत्येकी सुमारे ३७ सेंटिमीटर उंचीची चिन्हे तेवढी राहिली होती. हडप्पा लिपी बहुतेक ठिकाणी नखाएवढ्या आकारात मुद्रांवर भेटते. इथे ती दुरून वाचता यावी अशी मोठ्या आकारात जुळवून दरवाजावर लावलेली असावी, म्हणून तिला जगातील सर्वांत जुन्या नामफलकांपैकी एक म्हटले जाते. त्या दहांपैकी चाकासारखे दिसणारे आरेदार वर्तुळ चार वेळा आले आहे. ते नाव आहे, पदवी आहे की देवतेचा उल्लेख आहे, हे लिपी वाचता येत नसल्याने कुणीच सांगू शकत नाही. जो मार्गदर्शक छातीठोकपणे अर्थ सांगेल, त्याचे बाकीचे बोलणेही थोडे पारखून घ्यावे. आज त्या जागी उभे राहिल्यावर ती चिन्हे दिसत नाहीत, म्हणून त्यांचे एक छायाचित्र मोबाइलमध्ये आधीच साठवून न्यावे आणि दालनासमोर उभे राहून पाहावे.

दरवाजातून उत्तरेकडे पाहिले, की बालेकिल्ला आणि मधले नगर यांच्यामध्ये एक लांबलचक मोकळे मैदान दिसते. त्याची लांबी सुमारे २८३ मीटर आणि रुंदी ४७ मीटर आहे. समारंभ, बाजार किंवा खेळ यांसाठी ते वापरले जात असावे असे अभ्यासक मानतात. पलीकडे मधल्या नगरात काटकोनात छेदणारे रस्ते आणि गल्ल्या आहेत. येथे घरांतून निघणारे सांडपाणी रस्त्यात पुरलेल्या रांजणांत सोडण्याची पद्धत होती. ही गोष्ट माहीत नसेल, तर रस्त्याच्या कडेचे ते गोल खड्डे नजरेतून सहज सुटतात. खालच्या नगरासाठी वेळ उरला नाही, तरी हळहळ वाटून घेण्याचे कारण नाही.

मार्गदर्शक घ्यावा का, असा प्रश्न अनेकजण विचारतात. माझ्या मते घ्यावा, आणि शक्यतो गावातलाच घ्यावा. उत्खननाच्या काळात गावातील पुष्कळांनी तिथे काम केले आहे. अमुक भिंत वर येताना मातीचा रंग कसा बदलला, हे सांगणारा माणूस फलकांवरील मजकुरापेक्षा अधिक देऊन जातो. मात्र पहिली संध्याकाळ एकट्याने हिंडावी आणि सकाळच्या फेरीला त्याला सोबत घ्यावे, म्हणजे आपल्याजवळ विचारायला प्रश्न असतात.

संग्रहालय लहान आहे, आणि लहान असल्यामुळेच घाईने संपवले जाते. त्यासाठी किमान एक तास धरावा. सर्व काही पाहण्यापेक्षा तीन गोष्टींवर वेळ घालवावा. पहिली गोष्ट म्हणजे मणी. तांबड्या अकीकाचा मणी काचेपलीकडे फार साधा दिसतो, पण अकीक हा अत्यंत कठीण दगड आहे. त्याला आरपार, सरळ छिद्र पाडण्यासाठी हडप्पाकालीन कारागीर एका खास कठीण दगडाची बारीक टोके वापरत, आणि धोलावीऱ्यात अशी टोके शेकडोंनी सापडली आहेत. लांब मण्याचे एक छिद्र पूर्ण होण्यास कित्येक दिवसांचे सलग काम लागे. दोन्ही टोकांकडून सुरू केलेली छिद्रे मध्ये कुठे भेटली असतील, याचा अंदाज घेत मणी पाहिला, की त्या कपाटापुढून लवकर हलवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वजने. घडीव, घनाकृती दगडांची ही वजने एकाच्या दुप्पट दुसरे अशा क्रमाने वाढतात आणि हीच पद्धत हडप्पा, मोहेंजोदडोपासून इथपर्यंत सारखी आहे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात व्यापार एकाच मापाने चालत होता, हे त्या पाच-सहा ठोकळ्यांतून कळते. तिसरी म्हणजे शंखाच्या बांगड्या. समुद्री शंखाच्या या बांगड्यांत शंखाच्या मूळ वळणाची खूण कुठे उरली आहे का, ते शोधावे.

संग्रहालय आधी पाहून मग अवशेषांकडे जावे, असा उलट क्रम काही जण सुचवतात आणि त्यातही तथ्य आहे. पण आधी पाहिलेला मणी कपाटातला मणी असतो. नगर हिंडून आल्यावर पाहिलेल्या मण्याला गल्ली आणि घर लाभलेले असते.

नियमांबाबत एकच बाब ठासून सांगण्यासारखी आहे. स्थळावर जागोजागी खापरांचे तुकडे विखुरलेले दिसतात, पावसाने उघडा पडलेला एखादा बांगडीचा तुकडाही दिसू शकतो. तो उचलून खिशात टाकणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जागेवरून हललेला तुकडा अभ्यासाच्या दृष्टीने मुका होतो. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवावे, कारण रंगीत खापर दिसल्यावर सांगून उपयोग होत नाही. भिंतींवर चढू नये. ड्रोन नेऊ नये, आणि तिपाई वापरायची असल्यास आधी परवानगी विचारावी.

दुपारी वेळ उरलाच, तर बेटावर पुढे सुमारे दहा किलोमीटरांवर अश्मीभूत लाकडाचे मोठे ओंडके पाहण्यासारखे आहेत. तेथून समोर पसरलेले रणही उत्तम दिसते. नगराच्या पश्चिमेकडील दफनभूमी हा खरे तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथल्या बहुतेक दफनांत मानवी सांगाडेच नाहीत, फक्त स्मारके आहेत. स्थापत्याची आवड असलेल्यांनी मार्गदर्शकाला त्या बाजूला नेण्यास आवर्जून सांगावे. इतरांनी ते पुढच्या खेपेसाठी ठेवले तरी चालेल.

निघण्यापूर्वी अखेरच्या काळातील गोल झोपड्यांचे पाये दाखवण्यास मात्र मार्गदर्शकाला विसरू नका म्हणावे. आखीव चौकोनी घरांचे वैभव ओसरल्यानंतर, मध्ये ओस पडलेल्या या जागी जे लोक परत आले, त्यांनी जुनेच दगड वापरून वर्तुळाकार घरे बांधली. दुपारी दोन-अडीचपर्यंत खडीर सोडले, तर रणातला रस्ता उजेडात पार होतो आणि खावड्याच्या पुढे बन्नी या गवताळ प्रदेशातील गावांत गोल भिंतींचे, शाकारलेले भुंगे रस्त्यावरूनच दिसू लागतात. एखाद्या भुंग्याच्या अंगणात चहा मिळाला, तर तेवढा वेळ हाताशी असावा.